कोरड्या खापरीतली हाक

सुरुवातीलाच सांगून टाकते... भूतखेत, चकवा, हाकामारी, यांतलं मला काही म्हणजे काही पटत नाही. सांगलीत मुलींच्या शाळेत मी जन्मभर सायन्स शिकवलं. एखादी मुलगी अंगात आलेल्या मावशीची गोष्ट रंगवून सांगायला लागली, की मी तिला फळ्याशी उभी करून प्रतिध्वनीची आकृती काढायला लावायची. तुमच्या या सदरातले अनुभवही मी दर महिन्याला वाचते. खोटं कशाला बोलू, अंक आला की आधी तेच पान उघडते, आणि चहा संपेपर्यंत निम्म्यांचा उलगडा करून मोकळी होते. कुठे वारा असतो, कुठे उपाशी पोट, कुठे शेजाऱ्याचं मांजर.

पण एक गोष्ट आमच्याच घरातली आहे आणि तिच्यापुढे माझं सायन्स हात टेकतं. गोष्ट साताऱ्याची, दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या वर्षातली. ती नीट कळायला आधी सातारा कसं बांधलंय ते कळायला हवं, म्हणून जरा दमानं घ्या. गावाविषयी बोलायला लागले की मी लवकर थांबत नाही, हे माझ्या विद्यार्थिनींना विचारा.

सातारा हे उताराचं गाव. राजधानी आधी वर किल्ल्यावर होती. ती खाली उतरली आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पेठांमागून पेठा वसत गेल्या. काहींना वारांची नावं, काहींना माणसांची. त्यांच्यातून जाणारे दोन मोठे रस्ते, वरचा रस्ता आणि खालचा रस्ता. जुना सातारकर अजून पत्ता तसाच सांगतो. या दोन रस्त्यांना जोडणारे बोळ इतके उभे, की एकच घर वरच्या अंगानं एकमजली दिसायचं आणि खालच्या अंगानं दुमजली. पाहुणा वरच्या दारानं आत यायचा, बसायचा, चहा घ्यायचा. आपण माडीवर बसलोय हे त्याला मागच्या दारानं निघेपर्यंत कळायचं नाही. जोतं काळ्या दगडाचं, वर विटा, त्यावर कौलं. पूर्वेला सदर बझारात साहेबांचे बंगले आणि ऐसपैस आवारं. आमचं घर पश्चिमेला, व्यंकटपुऱ्यात, भिंतीला भिंत लागलेलं. शेजारणीनं मिरचीची फोडणी दिली की ठसका आम्हाला.

आणि गावाचा सगळा जीव पाण्यात. साताऱ्याला नदी उशाशी नाही. कासचं पाणी पाटानं यवतेश्वराच्या डोंगराच्या कडेकडेनं यायचं, गावाच्या वर टाकीत पडायचं, आणि तिथून पेठांमधून फिरायचं. मोठ्या रस्त्यांना लोखंडी नळ झाले होते, पण आमच्यासारख्या जुन्या बोळांत अजून राजाच्या वेळच्या खापऱ्या होत्या. खापरी म्हणजे भाजलेल्या मातीचा नळ. एकाच्या तोंडात दुसरा बसवायचा, सांध्याला चुना भरायचा आणि वरून माती. असे नळ जमिनीखालून घराघरांतल्या हौदात यायचे. मधे मधे हवा सुटायला दगडी खांब असत, पुरुषभर उंच, वरून उघडे. अशा खांबाला उसासा म्हणत. एक उसासा आमच्या बोळाच्या वरच्या तोंडाशी होता. पाणी दिवसभर नसायचं. सकाळी ठरल्या वेळी चावीवाला येऊन चावी फिरवायचा, की ते आमच्या बोळात उतरायचं. बाकीचा वेळ खापरी रिकामी.

आमच्या बोळाचा चावीवाला होता माझा थोरला भाऊ, शामूदादा.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते. वैनी इस्लामपूरकडची, ऊसवाल्या घरातली. नाव अंजना. रंगानं सावळी, हसली की डोळे मिटायचे. आमचे आबा पलटणीतून पेन्शनवर आलेले हवालदार, आणि घरातली शिस्त आईची. दोघांत खरा हवालदार कोण, यावर पेठेत मतभेद होते. आईसमोर दादा वैनीशी बोलायचा नाही. आजच्या मुलींना सांगितलं तर हसतात, पण तेव्हा तशीच रीत होती. दिवसाउजेडी नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची नाही. “आगं ए” नाहीतर “सुशे, तुझ्या वैनीला सांग” — मी टपाल! आणि बायकोनं तर नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचंच नाही. उखाण्यात घ्यायची ते निराळं, ते चार शब्दांच्या आडोशानं. पण नुसतं, सरळ, हाक मारल्यासारखं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडे मानत. लहान घर, मधे सासू, वर ही रीत... नव्या नवरा-बायकोनं बोलायचं तरी कुठं?

दादानं जागा शोधून काढली.

आमचा हौद मागच्या आवारात होता. काळ्या दगडाचा, कमरेएवढा खोल, आत उतरायला पायरी. आम्ही आणि शेजारची दोन घरं मिळून पाणी वापरायचो, त्यामुळे सकाळपर्यंत तो रिकामा व्हायचा. तळाशी एका कोपऱ्यात खापरीचं तोंड. वैनी रोज सकाळी नारळाची शेंडी घेऊन हौद घासायला उतरायची. आई पेठभर सांगत फिरायची, “सून करावी तर अशी. रोज हौद घासती, कुनी सांगाय लागत न्हाई!” तिला काय ठाऊक, की चावी फिरवायच्या आधी तिचा लेक वरच्या उसाशावर चढून आत तोंड घालतो, आणि त्याचा आवाज रिकाम्या खापरीतून खाली आमच्या हौदात उतरतो!

मला ठाऊक होतं, कारण मी एकदा वैनीच्या शेजारी वाकून ऐकलं होतं. घुमल्यासारखा, पण स्वच्छ आवाज यायचा.

“अंजे... ए अंजे... आयकतीस न्हवं?”

वैनी खापरीच्या तोंडाला तोंड लावून नुसतं “हूं” करायची. मग वरून हसणं ऐकू यायचं.

“हूं काय? येकदा नावानं हाक मार की. मी ओ देतो.”

“न्हाई.” 

“हितं कोन आयकतंय?”

“देव आयकतो,” वैनी म्हणायची. आणि मग पाणी येण्याआधी खापरी गार हवा सोडायची, तेव्हा तिच्या कपाळावरचे केस उडायचे. ते मला अजून दिसतं. मी तिला इतकं चिडवायची, की ती माझ्या अंगावर शेंडीनं पाणी उडवायची. यात अमानवीय काहीच नाही बरं का. रिकाम्या नळीतून आवाज जातोच, बोटीवर कप्तान खाली इंजिनवाल्यांशी तसाच बोलायचा. पुढे वर्गात ध्वनी शिकवताना मी हौदाचंच उदाहरण द्यायची. कुणाचा हौद, ते मात्र सांगायची नाही.

मग लढाई सुरू झाली. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत, त्यात आबांचं घर. आमचे दोन चुलतभाऊ रहिमतपूरहून भरती झाले, आणि चावी फिरवत बसणं दादाला बायकी वाटायला लागलं. तो गेला त्या सकाळी आईनं हातावर दही दिलं. सगळ्यांच्या पाया पडला. वैनी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. तिच्याशी तो बोलला नाही, नुसतं बघितलं. कसं बोलणार, सगळं गणगोत जमलेलं! बोळ चढून वर गेला, आणि माझ्या लक्षात आलं की वैनी दाराआड नाही. ती आवारातल्या हौदात वाकली होती. पण त्या दिवशी दादा उसाशापाशी थांबला नाही. बरोबर माणसं होती.

तो आधी मिसरात गेला, मग इटलीत. तिथून कळलं, की एका नदीच्या लढाईनंतर तो बेपत्ता आहे. मेला असं नाही, बेपत्ता. तुम्हाला सांगते, हा शब्द मेल्यापेक्षा वाईट. मेलेल्याचं दिवसपाणी करता येतं. बेपत्ता माणसाचं ताट रोज मांडायचं की नाही, एवढंही ठरवता येत नाही.

लढाई संपली. व्यंकटपुऱ्यातली, चिमणपुऱ्यातली पोरं एकेक करून परत आली. कुणी लंगडत, कुणी सिगारेट ओढत. आमच्या बोळात बूट वाजले की वैनीच्या हातातली भाकरी तव्यावर करपायची. आई म्हणायची, “येतोय त्यो. कुटं कैदंत असंल. सुटला की येतोय.”

त्या सुमाराला वैनीचा भाऊ बळवंत आला. तो सांगलीला वखारभागात गुळाच्या अडतीवर होता. आबांच्या समोर बसून बोलला.

“मामा, रागाला येऊ नका. अंजीला चार बुकं वाचता येत्यात. मिरजंच्या दवाखान्यात बायकांना नर्सिंग शिकिवत्यात. तिला धाडा माज्याबरं. शामराव आलं तर मी सोता आनून सोडतो.”

आबा मान हलवणार तोच आई आतून आली.

“माज्या घरातनं ती हालायची न्हाई. ती गेली म्हंजी माजा शामू गेला, आसं समदी पेठ म्हनंल. तिच्या हातात बांगड्या हायत तवर त्यो हाय.”

“आवं, पर पोरीनं करायचं काय?” आबा म्हणाले.

“वाट बघायची. मी बघती, तिनं बी बघायची.”

वैनी दाराआड ऐकत होती. तिला जायचं होतं. मला माहीत होतं, कारण माझी शाळेची पुस्तकं ती दुपारी चोरून वाचायची, आणि माणसाच्या हाडांची चित्रं बघताना सगळं विसरायची. पण आईचं बोलणं तिलाही खरं वाटायचं. आपण उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकला, की आपणच त्यांना मारलं. बळवंत दिवाळीनंतर परत येतो म्हणून गेला. तोवर ठरवायचं होतं.

आणि मग ते सुरू झालं.

एका सकाळी मी वेणी घालत होते. वैनी हौदातून आली ती भिंतीला धरून.

“काय झालं?”

“सुशावन्सं...” ती म्हणाली, “हाक आली.”

“कुणाची?”

तिनं नाव घेतलं नाही. घेणार कशी?

मला पहिल्यांदा राग आला. वाटलं, नव्या चावीवाल्याचा चावटपणा. दादाची ही गंमत त्याला कुठून तरी कळली असणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. तिसऱ्या दिवशी वैनी हौद घासायला जायला घाबरत होती आणि गेल्याशिवाय राहवतही नव्हतं. मी म्हटलं, चोर पकडूया. ती हौदात उतरली आणि मी बोळ चढून वर गेले.

वर जाऊन मी उभीच राहिले. उसासाच जागेवर नव्हता!

दादा लढाईवर असताना नगरपालिकेनं आमच्या बोळात लोखंडी नळ आणला होता, हे मला माहीत होतं. हौदावर नवी तोटी बसली होती आणि पाणी आता तिथूनच पडायचं. जुन्या खापरीचं तोंड तळाशी तसंच राहिलं होतं, कोरडं. पण मी शाळेला खालच्या रस्त्यानं जायची, वरती काय झालं होतं ते मी बघितलं नव्हतं. मुलीच्या जातीला त्या वेळी चावीपाशी काय काम? रस्ता रुंद करताना उसासा पाडला होता. त्याचे घडीव दगड कोपऱ्यावरच्या नव्या घराच्या जोत्यात बसले होते, मला ते ओळखू आले. चरात फुटक्या खापऱ्या पडल्या होत्या, आणि आमच्या बोळाकडे जाणारं नळाचं तोंड दगड ठोकून चुन्यानं बुजवलेलं होतं. चुना जुना, त्यावर गवत उगवलेलं.

मी पळत खाली आले. वैनी हौदाच्या पायरीवर बसली होती.

“आली?” मी विचारलं.

तिनं होकाराची मान हलवली.

आता मी मॅट्रिकला सायन्स घेतलेली मुलगी. म्हटलं, प्रयोग करायचा. आबांना वर घेऊन गेले आणि सांगितलं, या बुजवलेल्या तोंडाला तोंड लावून ओरडा. 

“काय खूळ काढलंयस गं?” 

पण लेकीचं ऐकायची सवय. परेडच्या आवाजात असे गरजले, की बोळातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि एक बाई काय झालं म्हणून लाटणं घेऊन बाहेर आली. मी तोवर खाली येऊन हौदात कान लावून होते म्हणून सांगते, खापरीतून काहीही आलं नाही. आबांचा आवाज आला तो वरून, आकाशातून, सगळ्या पेठेला आला तसा. मग मी बोळ आणि घरं कागदावर काढली. खापरी बोळाच्या मधोमध जात होती, मधे कुणाचा हौद नाही, कुणाची भिंत नाही. वरून बंद आणि खालून उघडी अशी ती एक मातीची नळी होती, बस्स.

त्यानंतरच्या सकाळी मी वैनीला म्हटलं, आज मी तुझ्याबरोबर येते. दिवस चांगला वर आला होता. कौलांवर ऊन, शेजारी कुणीतरी जात्यावर बसलेलं, कावळे ओरडत होते. भीती वाटावी असं काही नव्हतं. आम्ही दोघी वाकलो.

आधी गार हवा आली. वैनीचे कपाळावरचे केस हलले.

“अंजे...”

मी हा आवाज जन्मापासून ओळखत होते. दूरचा होता, दमल्यासारखा, पण दादाचाच.

“अंजे... येकदा हाक मार की गं.”

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. वैनीचा दंड इतका घट्ट धरला होता, की नखांच्या खुणा तिच्या हातावर पुढे बरेच दिवस होत्या. मला घाबरायला हवं होतं. मी घाबरले नाही. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मी रडायला लागले. किती वर्षांनी त्याचा आवाज!

“रोज हेच म्हनत्यात,” वैनी कुजबुजली. “दुसरं काय न्हाई. हाक मार, येवढंच. वन्सं, कशी मारू? मी नाव घेतलं आन ते कुटंतरी जित्तं असलं तर?”

एवढ्यात मागून आईचा आवाज आला.

“मासं धरताय व्हय गं दोघी? चुलीवर दूध गेलं की उतू!”

आम्ही दोघींनी एकदम माना वर काढल्या. आमची तोंडं बघून आईच्या लक्षात आलं. मी सगळं सांगून टाकलं. दादा उसाशात बोलायचा तेही सांगितलं. हौद घासण्यामागचं गुपित फुटलं, पण त्या वेळी कुणाला हसू आलं नाही. आईनं पहिल्यांदा ठामपणे काय सांगितलं असेल?

“हाकामारी हाय. वळकीच्या आवाजात बोलिवती. ओ द्यायची न्हाई. अंजना, तू आदी हौदातनं भाईर ये.”

वैनी बाहेर आली. आणि आई, जी हाकामारी हाय म्हणत होती, ती लुगड्याचा काष्टा घट्ट करून स्वतः आत उतरली. वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मला वाटत होतं तिला काही ऐकू येऊ नये. आणि वाटत होतं, यावं.

ती वर आली तेव्हा तिचं तोंड बदललं होतं. पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं. जात्याचा आवाज चालूच होता.

“त्योच हाय,” ती म्हणाली. मग वैनीकडे वळून, “अंजना, मार हाक त्याला.”

“आत्याबाई...”

“मार म्हनती न्हवं मी.”

“नाव कसं घिऊ? त्यांचं आयुष्य—”

“त्येच्या आयुष्याचं मी बघती. मी आई हाय त्येची.” आईचा आवाज फुटला, पण डोळे कोरडेच होते. “ताटकळलंय गं पोर. किती येळ हुबं ठिवायचं त्येला? तू हाक मार. मी सांगती.”

ज्या बाईनं वैनीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं, तिनंच हे सांगितलं. त्या घरात असं सांगायचा हक्क दुसऱ्या कुणाला नव्हता.

वैनी पुन्हा हौदात उतरली. खापरीशी गुडघे टेकून बसली. पहिल्यांदा ओठ नुसते हलले. मग हळू आवाजात म्हणाली, “शामराव.” मग जरा मोठ्यानं. आणि मग तिला जे काय झालं... इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर यावं तशी ती हाका मारायला लागली. शामराव, अवो शामराव, शामराव! शेजारची जातं थांबवून ऐकत होती. आई पायरीवर बसून होती, एक हात वैनीच्या पाठीवर ठेवून.

खापरीतून उत्तर आलं. एकदाच. हसताना माणूस ओ देतो तसं.

“ओ.”

आम्ही तिघींनी ऐकलं. त्यानंतर हवा थांबली. वैनी तशीच थांबून राहिली, दुपार होईपर्यंत तिला कुणी उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. त्यानंतरही कधी नाही.

दिवाळीनंतर बळवंत आला तेव्हा आईनं काही न बोलता वैनीची ट्रंक बाहेर आणून ठेवली. वर स्वतःच्या हातानं लाडू बांधून दिले आणि म्हणाली, “मिरजंचं पानी जड हाय म्हनत्यात, उकळून पी.” वैनीच्या बांगड्यांना तिनं हात लावला नाही, आणि कुणाला लावूही दिला नाही. वैनी नर्स झाली. चांगली झाली. मिरज-सांगलीच्या कितीतरी बायकांची बाळंतपणं तिच्या हातून झाली असतील. पुढे मलाही तिनंच शिकायला सांगलीला नेलं. पेठभागात आम्ही दोघींनी बिऱ्हाड केलं. तिनं पुन्हा लग्न केलं नाही, करावं असं आम्ही म्हणत होतो तरी. पण एक फरक पडला होता. ती त्याचं नाव घ्यायची. सहज, बोलता बोलता, “शामरावांना कांदा आवडायचा न्हाई,” असं. आणि तिचे डोळे पूर्वीसारखे मिटायचे.

दादाचं पुढे काय झालं ते सरकारकडून कधीच कळलं नाही.

आता उलगडा. तुम्ही म्हणाल, तिघींना एकच आस होती, त्या आशेनं ऐकलं. म्हणा. मीही स्वतःला तेच सांगते. पण आस लागलेल्या माणसाला हवं ते ऐकू यावं ना? आईला हवं होतं, “मी जिता हाय.” मला हवं होतं, “येतो.” ते कुणालाच ऐकू आलं नाही. वरून बुजवलेल्या नळीतून हवा कुठून आली, याचंही उत्तर मी शोधलं. एका इंजिनिअरला, कुणाचं काय न सांगता, आकृती काढून विचारलं. त्यानं आकृती उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाला, बाई, तुमची खापरी कुठेतरी फुटलेली असणार. असेल. फुटलेल्या खापरीतून हवा येते. ओ येतो का?

आबा गेल्यावर आईला आम्ही सांगलीला आणलं. तिला हे गाव कधी आवडलं नाही. सपाट. काळी माती, कृष्णेच्या पुराच्या भीतीनं घरांची जोती उंच, चढायला दारात पायऱ्या. “गावाला चढ न्हाई, आन घराला चढ,” असं म्हणून ती आमची टिंगल करायची. हौदाची गोष्ट तिनं त्या दिवसानंतर कधी काढली नव्हती. मीही काढली नव्हती. एकदा दुपारी वैनी ड्यूटीवर होती, मी वह्या तपासत होते आणि आई ओट्यावर वाती वळत बसली होती. हात न थांबवता ती म्हणाली,

“सुशे, तुजं शिक्षान लय झालंय. येक सांग.”

“काय गं?”

“त्या दिशी मी हौदात वाकले न्हवं का... तवा त्यो ‘अंजे’च म्हनला.”

मी पेन खाली ठेवलं.

“आये म्हनला न्हाई,” ती म्हणाली. “मी हाय, ते त्याला कळलं नसंल व्हय गं?”

हजार मुलींना शिकवलं होतं मी. तिनं वात पूर्ण वळली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली आणि माझ्या उत्तराची वाट बघत बसली.